जुन्या सेस्नाचे सुटे भाग: आधी नंबर, मग कागद, मग किंमत

ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधली ओ-रिंग म्हणजे काळं रबरी कडं, करंगळीतही सैल होईल एवढं लहान. विमान बनवणाऱ्या कंपनीच्या नंबराने मागवली की ती छापील पिशवीतून येते आणि तिची किंमत डॉलरांत मोजावी लागते. पण अशा बऱ्याच रिंगांचा खरा नंबर एमएस२८७७५ हा असतो, त्यापुढे डॅश देऊन मापाचा आकडा. त्या नंबराने मागितली तर तीच रिंग कित्येक पट स्वस्तात मिळते आणि ती बसवणं तितकंच कायदेशीर असतं. विमानाच्या खर्चात बचत होते ती अशी. भागाची खरी ओळख पटली की स्वस्त वाट आपोआप दिसते. ओळख न पटवता नुसता स्वस्त भाग शोधला, तर पैसे दोनदा जातात.

हे सगळं अमेरिकेत नोंदलेल्या, खाजगी मालकीच्या विमानाबद्दल आहे. उदाहरणाला १९७५ चं सेस्ना १७२ एम हे एका इंजिनाचं, चार आसनी छोटं विमान घेऊ. १७२ चं उत्पादन १९५६ मध्ये सुरू झालं, मधली काही वर्षं सोडली तर ते चालूच आहे, आणि आजवर ४४ हजारांहून जास्त विमानं बनली आहेत. त्यामुळे भाग मिळत नाहीत अशी अडचण सहसा येत नाही. अडचण येते ती नेमका आपल्या विमानाचा भाग ओळखण्यात. एम मॉडेलला १५० अश्वशक्तीचं लायकमिंग ओ-३२०-ई२डी इंजिन आणि १४ व्होल्टची वीजयंत्रणा आहे. १९७८ च्या मॉडेलपासून १७२ ची यंत्रणा २८ व्होल्टची झाली. कोणी मित्र त्याच्या १९७९ च्या विमानाचा दिवा किंवा अल्टरनेटर स्वस्तात देऊ लागला, तर बाहेरून तो सारखाच दिसेल, पण तुमच्या काही उपयोगाचा नाही.

नंबर कसा काढायचा

विमानाच्या सीरियल नंबरपासून सुरुवात करा. नोंदणीचा एन नंबर इथे चालत नाही. उत्पादकाच्या पाटीवर ठोकलेला सीरियल नंबर लागतो. सेस्नाच्या चित्रमय पार्ट्स कॅटलॉगमध्ये एकाच चित्रातल्या एकाच भागापुढे तीन-तीन नंबर दिसतात आणि शेजारच्या रकान्यात कोणता नंबर कोणत्या सीरियलपासून कोणत्या सीरियलपर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं. घाईत मागवणारे चित्र पाहतात, रकाना पाहत नाहीत. चुकीचे भाग परत पाठवण्याची वेळ येते ती बहुतेकदा यामुळेच.

सेस्नाच्या नंबरातले पहिले दोन आकडेही बोलके असतात. तो भाग मुळात कोणत्या विमानासाठी काढला ते त्यावरून कळतं: ०४ म्हणजे १५० चं कुटुंब, ०५ म्हणजे १७० आणि १७२, ०७ म्हणजे १८० आणि १८२, १२ म्हणजे २०६ आणि २१०. तुमच्या १७२ मध्ये ०४ ने सुरू होणारा भाग असेल, तर तो १५० मध्येही बसलेला असतो, म्हणजे भंगारातली शेकडो १५० सुद्धा तुमच्यासाठी दुकानच झाली. नंबर ‘एस’ अक्षराने सुरू होत असेल तर ती कंपनीची स्वतःची प्रमाणित वस्तू असते, आणि ‘सी’ ने सुरू होत असेल तर बहुतेकदा बाहेरच्या उत्पादकाकडून घेतलेली. ‘सी’ वाला नंबर दिसला की भागावरची मूळ उत्पादकाची पाटी शोधा. त्याच्या स्वतःच्या नंबराने तो भाग जवळपास नेहमीच स्वस्त मिळतो.

कायद्याने कोणता भाग चालतो

एफएए या अमेरिकी हवाई नियामक संस्थेच्या नियमांतलं कलम २१.९ एकदा नीट वाचून ठेवा, कारण स्वस्त भागांच्या सगळ्या वाटा त्यातच दिल्या आहेत. मूळ उत्पादकाचा भाग चालतो हे उघडच आहे. दुसऱ्या कारखान्याने स्वतंत्र मंजुरी घेऊन बनवलेला भाग चालतो. या मंजुरीला पीएमए म्हणतात, आणि भागावर किंवा त्याच्या वेष्टनावर ‘एफएए-पीएमए’, उत्पादकाचं नाव आणि नंबर असतो. टीएसओ (एफएएने ठरवलेला किमान दर्जा) मंजुरीची उपकरणंही चालतात, पण टीएसओ म्हणजे उपकरण दर्जाचं आहे एवढंच. ते तुमच्या विमानात बसवण्याची परवानगी वेगळी लागते. प्रमाणित नट, बोल्ट, वायसर, ओ-रिंग चालतात. आणि शेवटची, फारशी कोणाला माहीत नसलेली वाट म्हणजे विमानाच्या मालकाने स्वतःच्या विमानासाठी बनवलेला भाग. तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

पीएमए भाग म्हणजे डुप्लिकेट माल, असं अजूनही काही जण मानतात. हे साफ चूक आहे. कॅन्ससमधल्या बाल्डविन सिटीची मॅकफार्लेन ही कंपनी सेस्नाच्या सीटचे रोलर, सीटचे रूळ, दाराच्या बिजागऱ्या, थ्रॉटलच्या केबल बनवते. सेस्नाच्याच नंबरापुढे ‘एमसी’ लावून तिचे नंबर ठरतात, म्हणून शोधणं सोपं जातं. काही भाग तर मूळच्या भागापेक्षा जास्त टिकतील असे सुधारलेले आहेत. ब्रेकचे लायनर (डिस्कवर घासणारे पट्टे) आणि व्हॅक्यूम यंत्रणेचे फिल्टर यांसाठी रॅपको, प्लगसाठी टेम्पेस्ट, आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या-झाकणांसाठी व्हँटेज प्लेन प्लास्टिक्स. किरकोळ विक्रीत कॅलिफोर्नियातल्या कोरोनाचं एअरक्राफ्ट स्प्रूस हे सगळ्यांत मोठं नाव. पायपर कब, एरकूप, स्टिन्सन अशी आणखी जुनी विमानं असतील तर कोलोरॅडोतल्या ऑरोराचं युनिव्हेअर आधी पाहावं.

मेकॅनिकला आधी विचारा, भाग नंतर मागवा. भाग बसवून लॉगबुकात सही करणारा ए अँड पी (विमानाचा सांगाडा आणि इंजिन दोन्हींचा परवाना असलेला) मेकॅनिक असतो, आणि भाग योग्य आहे की नाही हा निर्णय त्याचा असतो. त्याला नको असलेला भाग तुम्ही आणून ठेवलात, तर तो कपाटातच राहणार. मागवण्याआधी विक्रेत्याच्या पानावरचा नंबर आणि मंजुरीचा मजकूर त्याला फोनवर पाठवा. पाच मिनिटांचं काम आहे.

ब्रेक, नट-बोल्ट, ओ-रिंग

ब्रेकचे लायनर मागवण्याआधी चाकावरची आणि ब्रेकवरची पाटी वाचा. त्या काळातल्या १७२ वर क्लीव्हलँडची चाकं असतात, तशी मॅककॉलीचीही असतात. अनेक विमानांवर ०६६-१०५०० हा लायनर लागतो. रॅपकोचा आरए०६६-१०५०० हा त्याचा पीएमए पर्याय, भावाने स्वस्त. प्रत्येक चाकाला दोन, म्हणजे विमानाला चार लायनर. रिव्हेट वेगळे मागवावे लागतात, ते विसरू नका, नाहीतर डबा येऊनही काम अडतं. लायनर ०.१०० इंचापर्यंत झिजला की बदलायचा. मोजायची सोपी युक्ती अशी: ४० नंबरचं ड्रिल ०.०९८ इंच जाडीचं असतं. त्याचा गुळगुळीत दांडा लायनरच्या कडेला धरा. लायनर दांड्याएवढा किंवा त्याहून पातळ दिसला की त्याचं आयुष्य संपलं.

नवे लायनर बसवून थेट उडू नये. ऑरगॅनिक (धातूचे नसलेले) लायनर बसवल्यावर वापरून तापवावे लागतात. सुमारे १७०० आरपीएमवर, ब्रेक हलका दाबून, ताशी ५ ते १० मैल वेगाने १५०० फूट टॅक्सी करा, मग १० ते १५ मिनिटं थंड होऊ द्या, आणि थ्रॉटल वाढवून ब्रेक विमान धरतात का ते पाहा. हे न केल्यास लायनरचा पृष्ठभाग नीट भाजला जात नाही, ब्रेक धरत नाहीत, आणि मालक ‘पीएमए माल वाईट’ म्हणून मोकळा होतो.

ब्रेकमध्ये घालायचं तेल लाल खनिज तेल असतं, एमआयएल-पीआरएफ-५६०६. गाडीचं डॉट ब्रेक फ्लुइड त्यात चुकूनही जाऊ देऊ नका. यातल्या रिंगा त्या द्रवासाठी बनलेल्याच नाहीत. त्या फुगतात, मऊ होतात, आणि स्वस्तातल्या एका बाटलीमुळे सगळी यंत्रणा खोलून धुवावी लागते. एमएस२८७७५ ही रिंग हायड्रॉलिक तेलासाठी आहे. पेट्रोलच्या जागी, म्हणजे टाकीचं झाकण, गाळणीचा निचरा अशा ठिकाणी एमएस२९५१३ लागते. मापं जुळतात, रंगही काळाच, म्हणून दोन्हींची अदलाबदल होते. दोन वेगळ्या डब्यांत ठेवा आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

नट-बोल्टांची भाषा एकदा शिकली की आयुष्यभर पुरते. एएन३ म्हणजे ३/१६ इंच जाडीचा बोल्ट, एएन४ म्हणजे १/४ इंच. डॅशनंतरचा आकडा लांबी सांगतो: एएन४-६ म्हणजे सहा-अष्टमांश इंच, पण एएन४-१० म्हणजे एक इंच, कारण पहिला आकडा पूर्ण इंच आणि दुसरा अष्टमांश. शेवटी ‘ए’ असेल तर दांड्याला कॉटर पिनचं (नट फिरू नये म्हणून आरपार घालायच्या दुपदरी पिनेचं) भोक नाही. जिथे बोल्ट फिरू शकतो अशा जोडावर भोकाचा बोल्ट, किल्ल्याच्या बुरुजासारखा खाचांचा नट आणि कॉटर पिनच हवी. नायलॉनचा नट तिथे चालत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला ग्रेड ८ चा बोल्ट ‘जास्त मजबूत’ असतो, म्हणून चालेल, असा एक समज आहे. तो जास्त कडक असतो हे खरं, पण त्याच्या गुळगुळीत भागाची लांबी आणि जाडीतली अचूकता वेगळी असते. आटे जोडाच्या आत येतात, भोक खातात, आणि सहा महिन्यांनी तिथे खडखड सुरू होते. एएन बोल्ट काही सेंटला किंवा एखाद-दोन डॉलरला मिळतो. इथे वाचवण्यासारखं काही नाही.

जे काम मालकाला स्वतः करता येतं

नियमांच्या भाग ४३ च्या परिशिष्ट ‘ए’ मध्ये प्रतिबंधक देखभालीची यादी आहे. वैमानिक परवाना असलेला मालक ती कामं स्वतः करून लॉगबुकात नोंदवू शकतो: टायर बदलणं, प्लग साफ करणं किंवा बदलणं, बॅटरी, दिव्यांचे बल्ब, तेलाचे आणि पेट्रोलचे फिल्टर, सीटचे पट्टे. ब्रेकचे लायनर आणि व्हॅक्यूम पंप त्या यादीत नाहीत. नोंदीत काम काय केलं, तारीख, सही, परवान्याचा नंबर आणि प्रकार एवढं लागतं.

प्लगपासून सुरू करू. इंजिनाला आठ प्लग. जाड इलेक्ट्रोडचे आरईएम४०ई किंवा त्याच बरोबरीचे टेम्पेस्टचे चालतात. बदलण्याआधी ओम मीटरने मोजा. आतल्या रोधकाचा आकडा ५००० ओमच्या वर गेला की तो प्लग टाकून द्यायचा, बाहेरून कितीही चांगला दिसो. जमिनीवर पडलेला प्लगही टाकायचा, आतल्या चिनी मातीला गेलेला तडा दिसत नाही. बाकीचे प्लग शिशाचे मणी काढून, फट ०.०१६ ते ०.०२१ इंच ठेवून पुन्हा वापरता येतात. वरचा प्लग खाली आणि खालचा वर, शिवाय सिलिंडरांची अदलाबदल, असं फिरवलं की झीज सारखी होते आणि संच जास्त तास चालतो. तांब्याचं वायसर दर वेळी नवं, टॉर्क ३५ फूट-पौंड. आठही प्लग एकदम फेकून नवा संच घेणारे बरेच दिसतात. बहुतेकदा त्यातले दोन-तीनच खरोखर गेलेले असतात.

टायर मागच्या दोन चाकांना ६.००-६ आणि नाकाच्या चाकाला ५.००-५. पुन्हा रबर चढवलेले टायर कायदेशीर आहेत आणि चांगलेही चालतात, फक्त ते फिरताना किंचित फुगतात. चाकांवर फेअरिंग (वाऱ्याचा अडथळा कमी करणारं आवरण) असेल तर आतली जागा मोजून घ्या. ट्यूबमध्ये मात्र काटकसर करू नका. ब्युटिल रबराची जरा महाग ट्यूब हवा महिनोन्‌महिने धरून ठेवते, आणि कमी हवेवर धावल्याने टायर झिजणं थांबतं. टायर बसवताना त्यावरचा लाल ठिपका आणि ट्यूबवरची पिवळी खूण एका रेषेत आणा, आत टाल्क लावा. चाकाचे दोन अर्धे जोडणारे बोल्ट सोडण्याआधी व्हॉल्व्हची सुई काढून हवा पूर्ण काढा. हवा भरलेल्या चाकाचे बोल्ट सैल केले की चाकाचे अर्धे बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. माणसं मेली आहेत.

लँडिंगचा जुना ४५०९ दिवा १०० वॅटचा आणि स्वस्त, पण त्याचं नोंदलेलं आयुष्य जेमतेम २५ तासांचं. मंजुरीचा एलईडी दिवा एकदाच महाग पडतो, पुढे विसरून जाता येतं, आणि अल्टरनेटरवरचा भारही कमी होतो. अपघात सूचक ट्रान्समीटर जुना एसीके ई-०१ असेल, तर त्याला दुकानात मिळणाऱ्या डी मापाचे आठ ड्युरासेल सेल लागतात. मात्र त्याच ब्रँडचे, कारण मंजुरी त्याच सेलना आहे. बॅटरीचं निम्मं आयुष्य संपलं किंवा एकूण तासभर वापर झाला की ते बदलायचे.

अल्टरनेटर आणि व्हॅक्यूम पंप

एम मॉडेलचा अल्टरनेटर फोर्ड पद्धतीचा, ६० अँपिअरचा असतो, आणि गाड्यांच्या दुकानात तसाच दिसणारा अल्टरनेटर पाचव्या हिश्श्यात मिळतो. तो बसवू नका. कायद्याची गोष्ट झालीच, पण तांत्रिक कारणही महत्त्वाचं आहे. गाडीच्या अल्टरनेटरात बऱ्याचदा नियंत्रक आतच असतो. विमानात नियंत्रक आणि जास्त व्होल्टचं संरक्षण वेगळं असतं, आणि दुभागलेल्या मास्टर स्विचच्या डाव्या बाजूने वैमानिक अल्टरनेटर बंद करू शकतो. आत नियंत्रक असलेला अल्टरनेटर बिघडून व्होल्ट वाढवू लागला, तर तो बंद करायला काही हातात राहत नाही.

खरी बचत वेगळीकडे आहे. बदललेल्या अल्टरनेटरांतले बरेच मुळात चांगले असतात. चार्जिंग बंद पडलं की आधी पट्ट्याचा ताण, मग इंजिन आणि विमानाचा सांगाडा जोडणारी अर्थिंगची पट्टी, मग मास्टर स्विचचे जुने काळवंडलेले संपर्क, मग फील्डच्या (अल्टरनेटरला चुंबकत्व देणाऱ्या) तारेवर व्होल्ट येतात का, हे क्रमाने तपासा. फील्डला व्होल्टच येत नसतील तर नवा अल्टरनेटरही मुकाच बसेल. व्होल्ट येत असतील आणि तरी चार्जिंग नसेल तर ब्रश पाहा. अर्थिंगची पट्टी आणि स्विच यांना किती पैसे लागतात आणि अल्टरनेटरला किती, हे ज्याने एकदा पाहिलं तो मीटर काढल्याशिवाय ऑर्डर देणार नाही.

उपकरणांतले जायरो फिरवण्यासाठी हवा ओढणाऱ्या कोरड्या व्हॅक्यूम पंपाच्या आत कार्बनच्या पात्या असतात, त्या झिजतात आणि एक दिवस अचानक तुटतात. हा पंप शक्यतो नवा घ्या. नंबराच्या शेवटची सीसी किंवा सीडब्ल्यू ही अक्षरं फिरण्याची दिशा सांगतात. पात्या तिरप्या बसवलेल्या असतात, त्यामुळे उलट्या दिशेचा पंप लवकर मोडतो. नवा पंप महिन्याभरात गेला, असं ऐकलं की बहुतेक वेळा कारण पंपात नसतं. जुन्या पंपाची कार्बनची पूड नळीत राहिलेली असते, किंवा कडक झालेल्या जुन्या नळीचे कण सुटतात, किंवा इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल गळून पंपात जातं. म्हणून पंपाबरोबर डी९-१८-१ हा मुख्य फिल्टर आणि बी३-५-१ ही रेग्युलेटरवरची स्पंजाची पट्टी मागवा, नळ्या साफ करा किंवा बदला, आणि जोडांच्या आट्यांना टेफ्लॉनची टेप लावू नका. तिचा तुकडा आत ओढला गेला की पंप संपला.

भंगार यार्ड आणि जुन्याच्या बदल्यात दुरुस्त केलेला

मिनेसोटातलं वेंटवर्थ आणि मिसुरीतल्या बेट्स सिटीचं व्हाइट इंडस्ट्रीज ही अपघातग्रस्त विमानांची मोठी यार्डं. ओहायोतल्या किड्रनचं प्रेफर्ड एअरपार्ट्स दुकानांतला उरलेला, न वापरलेला जुना माल विकतं, तिथे मूळ कारखान्याच्या पिशवीतला भाग जुन्या भावाजवळ मिळून जातो. दारं, काउलिंग (इंजिनावरचं आवरण), पंखांची टोकं, चाकांचे अर्धे, सीटचे सांगाडे, प्रोपेलरवरची शंकूसारखी टोपी या वस्तू यार्डातून घ्याव्यात. नवीन दाराचा भाव ऐकल्यावर यार्डाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

फोन करताना तुमच्या विमानाचा सीरियल नंबर सांगा आणि भाग ज्या विमानातून निघाला त्याचा एन नंबर, सीरियल नंबर आणि एकूण तास मागा. एन नंबर मिळाला की राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या नोंदीत तो अपघात शोधता येतो. पाण्यात बुडालेलं किंवा जळालेलं विमान असेल तर त्याचा एकही भाग नको. आग लागलेल्या विमानाचा अॅल्युमिनियम बाहेरून बरा दिसला तरी तापल्याने त्याची ताकद गेलेली असते. प्रोपेलर जमिनीला आपटून विमान भंगारात आलं असेल, तर इंजिनाच्या आतल्या कुठल्याही भागाला हात लावू नका. लायकमिंगच्या अशा इंजिनांसाठी २००४-१०-१४ हा हवाई योग्यतेचा आदेश क्रँकशाफ्टच्या गिअरची तपासणी सक्तीची करतो, आणि तो उगाच निघालेला नाही. भागाच्या चारही बाजूंचे आणि पाटीचे फोटो मागा, परत घेण्याची अट लेखी घ्या. आयलरॉन किंवा एलिव्हेटर (पंखाचं किंवा शेपटीचं हलणारं पातं) घेतला तर रंग दिल्यानंतर त्याचा तोल पुन्हा पाहावा लागतो, तो खर्च आधीच धरा.

मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारं जनित्र), स्टार्टर, कार्ब्युरेटर, सायलेन्सर या वस्तू ‘जुना द्या, दुरुस्त केलेला घ्या’ या पद्धतीने मिळतात. किमतीवर कोअर चार्ज लावतात, सोड्याच्या बाटलीच्या अनामतीसारखा. जुना भाग परत पाठवला की तो परत मिळतो, पण जुन्या भागाच्या कवचाला तडा असेल तर मिळत नाही. म्हणून दोन दुकानांचे भाव ताडताना नुसती किंमत न पाहता कोअर नाकारण्याच्या अटी पाहा. सायलेन्सरला तर आतली जाळी तुटून बाहेर जाण्याचं तोंड बंद झालेलं असू शकतं, आणि त्याच्या भोवतीच्या आवरणातूनच केबिनला गरम हवा मिळते. तडा गेलेल्या सायलेन्सरमधून कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो. सायलेन्सरच्या बाबतीत दुरुस्तीचा दर्जा पाहा, भाव शेवटी.

कागदावरचे शब्द

भाग वापरायोग्य असल्याची ‘पिवळी चिठ्ठी’ हा शब्द विक्रेते खूप वापरतात. ती रूढी आहे. चिठ्ठीचा रंग कायद्यात कुठे नाही. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते महत्त्वाचं. ‘ओव्हरहॉल्ड’ म्हणजे भाग खोलला, साफ केला, तपासला, लागेल तशी दुरुस्ती केली, पुन्हा जोडला आणि चाचणी घेतली. ‘रिपेअर्ड’ म्हणजे बिघडलेलं तेवढं दुरुस्त केलं. ‘इन्स्पेक्टेड’ म्हणजे फक्त पाहिलं. ओव्हरहॉलच्या भावात इन्स्पेक्टेड भाग विकला जातो तो या शब्दांकडे लक्ष नसल्यामुळे. ८१३०-३ हा एफएएचा मंजुरीचा फॉर्म असेल तर उत्तम. त्यावरचा सीरियल नंबर आणि भागावरचा नंबर एकच आहे ना, हे डबा उघडताच पाहा. खरवडलेला नंबर, नव्याने छापलेली पाटी, अविश्वसनीय कमी भाव असं काही दिसलं तर भाग बसवू नका. संशयित भागांची तक्रार ८१२०-११ या फॉर्मवर करता येते.

धुळे, बारामती इथल्या प्रशिक्षण संस्थांकडेही सेस्ना आहेत. तिथे अशा विमानांसाठी भाग पाठवायचा असेल तर वर सांगितलेली मालकाची मोकळीक धरून चालू नका. तिथे डीजीसीए या भारतीय हवाई नियामकाचे नियम लागतात. अमेरिकेतून पाठवण्याआधीच विक्रेत्याकडून ८१३०-३ मागून घ्या. नंतर तो कागद मिळत नाही, आणि कागदाशिवाय पोचलेला भाग गोदामात पडून राहतो.

मालकाने बनवलेला भाग

बाजारात भाग नसेल किंवा भाव परवडत नसेल, तर मालक स्वतःच्या विमानासाठी भाग बनवून घेऊ शकतो. स्वतः कात्री चालवायलाच हवी असं नाही. आराखडा देणं, साहित्य देणं, बनवण्याची पद्धत सांगणं, दर्जा तपासणीची पद्धत ठरवणं, किंवा कामावर देखरेख करणं, यांतलं किमान एक काम मालकाने केलेलं असावं लागतं. भाग मूळ आराखड्याशी जुळला पाहिजे, आणि तो विकता येत नाही.

इंजिनाभोवतीच्या हवा वळवणाऱ्या पत्र्यांपैकी एखादा तुटला, तर हे काम उत्तम जमतं. जुना पत्रा सपाट करून त्याचा नमुना काढा. धातू आणि जाडी जुळवा. बरेचसे विमानी पत्रे २०२४-टी३ चे असतात, तो प्रमाणपत्रासह विकत मिळतो. हार्डवेअरच्या दुकानातला मऊ पत्रा घेतला तर इंजिनाच्या थरथरीने काही तासांत फाटतो. २०२४-टी३ ला टोकदार कोपऱ्यात वाकवलं तर त्याच रेषेवर बारीक चीर पडते, म्हणून वाकाला त्या जाडीसाठी सांगितलेली गोलाई द्या, आणि वाकण्याची रेषा पत्र्याच्या रेषांना आडवी ठेवा. कडा कानसून भिंगातून पाहा. एक खरवडा राहिला तरी तिथून तडा सुरू होतो. पत्र्याच्या कडेची रबरी पट्टीही तयार संचात न घेता फुटावर मिळते. मग आराखड्याचा कागद, पत्र्याचं प्रमाणपत्र आणि मालकाची सही असलेली नोंद मेकॅनिककडे द्या, म्हणजे बसवल्याची नोंद तो करेल. १९८० च्या आधी मंजूर झालेल्या छोट्या विमानांसाठी साहित्य बदलाचे मार्गदर्शन एफएएच्या एसी २३-२७ या पत्रकात आहे. मेकॅनिक बिचकत असेल तर ते त्याच्यापुढे ठेवा.

सीटचे रूळ मात्र हातचे बनवू नका, आणि यार्डातूनही घेऊ नका. उड्डाणाच्या क्षणी सीट मागे घसरून वैमानिकाच्या हातातून योक (विमान वळवण्याचं चाक) सुटल्याने अपघात झाले आहेत. म्हणूनच २०११-१०-०९ हा आदेश आहे. रुळाचं भोक ०.४२ इंचाहून जास्त झिजलं की पुढचं उड्डाण बंद, आणि पिन भोकात किमान ०.१५ इंच शिरली पाहिजे. नवा रूळ, नवे रोलर आणि नवी पिन एकदमच मागवा. जुनी झिजलेली पिन नवं भोक वर्षभरात खाते.

वार्षिक तपासणीच्या महिनाभर आधी ही सगळी मापं घेऊन एकच यादी करा. लायनरची जाडी, प्लगचे ओम, टायरचे खोबण, नळ्यांवरच्या तारखा, सीटची भोकं. एका डब्यात येणाऱ्या वस्तूंना टपालखर्च एकदाच लागतो. आम्लाची बॅटरी आणि रंग यांना धोकादायक मालाचा वेगळा आकार असतो, त्या जवळच्या विमानतळावरच्या दुकानातून घेतलेल्या बऱ्या. विमान खोलून पडल्यावर रातोरात मागवलेल्या दहा डॉलरच्या गॅस्केटला विमान कुरिअरचे साठ डॉलर लागतात.